झाकण सैल करून ठेवणाऱ्या मुलास

नारिंगी कायाकमधल्या मुला,

तुझं नाव मला माहीत नाही. विचारायला हवं होतं, पण ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, लगेच सायकल आणि मग धावणं, त्यामुळे पाण्यातून बाहेर पडल्यावर मी मागे वळूनही पाहिलं नाही, सायकलकडे पळत सुटले. डाव्या दंडावर साखर मोजणारा नाण्याएवढा सेन्सर चिकटवलेली, पाण्यात वाट दाखवायला तरंगत ठेवलेल्या दुसऱ्या बोयापाशी तुझ्या होडीला लटकलेली बाई ती मी. तू मला दोनदा काकू म्हणालास. चव्वेचाळिसाव्या वर्षी काकूच म्हणणार, मान्य. तरी स्विमसूट आणि गॉगल घातलेल्या बाईला काकू म्हणायचं म्हणजे कमाल आहे तुझी.

आता रात्रीचे पावणेतीन वाजलेत. सेन्सरच्या अलार्मने उठवलं. दिवसभर राबलेले स्नायू आपली उधारी रात्री वसूल करतात, रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे माझ्यासारख्यांची शर्यत अंतिम रेषेवर संपत नाही, पहाटेपर्यंत चालते. ग्लुकोजच्या गोळ्या चघळत आकडा वर येण्याची वाट बघते आहे. तोवर तुला लिहिते.

तुझ्याआधी भेटलेल्यांबद्दल थोडं सांगते, कारण त्यांच्याशिवाय तुझी गोष्ट अर्धीच राहील. बाराव्या वर्षी मला टाइप १ मधुमेह झाला. आपलीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते, त्यात जास्त गोड खाण्याचा काही संबंध नसतो. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलंय की आता झोपेतही म्हणत असेन. शाळेत खेळाच्या तासाला मला कडेला बसवत. बाकीच्या मुली धावायच्या आणि मी त्यांची घड्याळं सांभाळायची. एकदा माझ्या दोन्ही हातांत मिळून नऊ घड्याळं होती.

दोन वर्षांपूर्वी एका दुसऱ्या स्पर्धेत नाव दिलं होतं. अर्जात ‘काही आजार आहे का’ असा रकाना होता, तो मी प्रामाणिकपणे भरला. आदल्या संध्याकाळी नंबर घ्यायला गेले, तर टेबलामागच्या गृहस्थांनी तो रकाना वाचला आणि हातात दिलेला नंबर परत काढून घेतला. डॉक्टरांचं पत्र पुढे केलं, ते त्यांनी पाकिटातून बाहेरही काढलं नाही. ‘ताई, तुमच्याच काळजीपोटी सांगतोय,’ म्हणाले. काळजी होती, पण प्रश्न एकही नव्हता. शुगर उतरली तर काय होतं, मी तेव्हा काय करते, आसपासच्यांनी काय करावं, काही म्हणजे काही विचारलं नाही. माझ्या मागे रांगेत उभा असलेला एक जण हळूच म्हणाला, ‘मला बीपी आहे, पण असलं कोणी लिहितं का?’ त्याला नंबर मिळाला. त्या टेबलावर खरं बोलण्याची शिक्षा मिळत होती आणि ती देणाऱ्याला आपण मोठी जबाबदारी पार पाडली असं वाटत होतं.

त्या रात्री खूप रागावले होते. गॅरी हॉल ज्युनियर नावाचा अमेरिकन जलतरणपटू माझ्या डोक्यात घोळत होता. १९९९ मध्ये त्याला टाइप १ झाल्याचं कळलं, स्पर्धात्मक पोहणं आता संपलं असं त्याला सांगण्यात आलं, आणि पुढच्याच वर्षी सिडनीत त्याने ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण संयुक्तपणे जिंकलं. २००४ ला अथेन्समध्ये पुन्हा, या वेळी एकट्याने. ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉन पहिल्यांदा झाली तीही त्याच सिडनीत. टेबलामागच्या गृहस्थांना मनातल्या मनात मी हे सगळं चारदा ऐकवलं. प्रत्यक्षात गुपचूप घरी आले होते.

यंदाच्या परवानगीची कथा लांबलचक आहे, ती राहू दे. सकाळी पंचांनी मला काठावर तुझ्याकडे आणलं, ‘या तुझ्या बोयाजवळून जातील, बघ’ म्हणाले आणि गेले. मी सवयीप्रमाणे भाषण सुरू करणार होते. त्याआधी तूच विचारलंस, ‘शुगर कमी झाली की तुम्ही दिसता कशा?’

अरे, इतक्या वर्षांत घराबाहेरच्या कुणी हे विचारलं नव्हतं. लोक विचारतात, गोड चालतं का, सुई दुखते का. दिसता कशा? मला क्षणभर उत्तरच सुचेना. मग म्हटलं, ओठ बधिर होतात, मोजणी चुकते आणि मी भांडायला लागते. तू हसला नाहीस. हात वर केला की बचाव बोट येणार आणि मला उचलून नेणार, म्हणून आपण वेगळी खूण ठरवली, होडीवर दोन थापा. ग्लुकोज जेलची ट्यूब तुझ्या हातात देताना मी जाता जाता म्हणाले, ‘तेव्हा बोटं ऐकत नाहीत कधीकधी.’ तू नुसतं ‘हं’ म्हणालास आणि ट्यूब लाइफ जॅकेटच्या खिशात टाकलीस.

पुढे जे झालं ती चूक माझी होती, हे कबूल करते. शर्यतीआधीच्या भीतीने साखर चढते. अॅड्रेनलिन वाढलं की यकृत साठवलेलं ग्लुकोज रक्तात सोडतं आणि ती चढ बहुतेकदा आपोआप उतरते. हे मला पाठ आहे. पण सुरुवातीच्या तासभर आधी आकडा २५० च्या वर गेलेला पाहिला आणि मी घाबरून इन्सुलिनचे दोन युनिट घेतले. झटपट इन्सुलिनचा जोर तासा-दीड तासाने येतो, म्हणजे बरोबर मी पाण्यात असताना. टेबलामागच्या गृहस्थांना हे कळलं तर त्यांना किती समाधान वाटेल!

स्प्रिंट, म्हणजे ट्रायथलॉनच्या छोट्या प्रकारात ७५० मीटर पोहायचं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. पहिल्या बोयापर्यंत झकास चालले होते. पाण्याखाली सेन्सरचा सिग्नल घड्याळापर्यंत पोहोचत नाही, तिथे मला स्वतःच्या अंगाशिवाय काही कळायला मार्ग नसतो. आणि पाण्यात अंगही फसवतं. शुगर उतरताना दरदरून घाम येतो, पण भिजलेल्या माणसाला घाम कसा कळणार? छाती धडधडते, ती तर तिथे सगळ्यांचीच धडधडत असते. मी दर तिसऱ्या हाताला श्वास घेते, मनात एक-दोन-तीन चालू असतं. दुसऱ्या बोयाच्या अलीकडे दोननंतर काय येतं ते आठवेना. मी दोन, दोन, दोन असंच करत राहिले. तेवढ्यात नारिंगी काहीतरी दिसलं.

थापा दोन मारल्या की पाच, मला आठवत नाही. तू ट्यूब पुढे केलीस. माझा हात असा थरथरत होता की ती दोनदा निसटली आणि दोन्ही वेळा तू ती पाण्याच्या आत पकडलीस. मी झाकणाला दात लावले, आणि झाकण नुसत्या जिभेच्या धक्क्याने बाजूला झालं.

ते तू आधीच सैल करून ठेवलं होतंस. पूर्ण काढलं नव्हतंस, नाहीतर जेल खिशात सांडलं असतं. घट्टही ठेवलं नव्हतंस. आटा शेवटच्या वळणावर आणून ठेवला होतास. काठावर की होडीत बसल्यावर, कधी केलंस कोण जाणे. मी एक अर्धवट वाक्य बोलले होते, त्यावर तू ‘हं’ म्हणाला होतास, आणि नंतर एकटा असताना तू त्या वाक्याचा विचार केला होतास.

मला रडू तिथेच आलं, पण पाण्यात तेही कळत नाही.

मग मी तुझ्यावर ओरडले, ते मात्र ठळक आठवतंय. होडीला धरून विश्रांती घेता येते, होडीने पुढे ओढत नेलं नाही म्हणजे झालं, हा नियम मला तुझ्याइतकाच माहीत होता. तरी ‘सोड मला, माझी वेळ जातेय’ असं मी तुला म्हणाले. आणि तू मला धरलंही नव्हतंस, मीच होडीला धरून होते! शुगर उतरली की माझं तोंड सुटतं, घरच्यांना सवय आहे, तुला नसणार. माफ कर. तू शांतपणे म्हणालास, ‘काकू, घड्याळ पाण्याबाहेर धरा.’ हात होडीवर ठेवला, थोड्या वेळाने आकडा आला. ६८ आणि खाली जाणारा बाण. सेन्सर रक्तातली नाही, दोन पेशींच्या मधल्या जागेतल्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे काही मिनिटं मागे असतो. खरा आकडा त्याहून कमी असणार. पंधरा ग्रॅम साखर आणि पंधरा मिनिटं थांबणं, हा आमचा नियम. मी अकरा मिनिटं थांबले. बाण आधी आडवा झाला, मग वर वळला, एक-दोन-तीन पुन्हा जागेवर आलं. तेवढा वेळ तू होडी आडवी ठेवलीस, मागून येणाऱ्यांच्या लाथा मला लागू नयेत म्हणून. आणि एकदाही ‘बाहेर काढू का’ असं विचारलं नाहीस.

गोळ्या चघळता चघळता मघापासून मला कॉलिप आठवतोय. इन्सुलिन कुणी शोधलं म्हटलं की लोकांना बँटिंग आणि बेस्टच आठवतात. जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोत लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला त्यांचं औषध पहिल्यांदा टोचलं, तेव्हा ते अशुद्ध होतं, फारसं काही साधलं नाही, उलट रिअॅक्शन आली. जेम्स कॉलिपने रात्रंदिवस खपून तो अर्क शुद्ध केला. बारा दिवसांनी पुन्हा टोचलं आणि मुलाची साखर उतरली. १९२३ चं नोबेल बँटिंगला आणि ज्याच्या प्रयोगशाळेत हे काम झालं त्या मॅक्लिऑडला मिळालं. मॅक्लिऑडने आपल्या बक्षिसातला अर्धा वाटा कॉलिपला दिला, बँटिंगने बेस्टला. तुला कॉलिपच्या पंगतीला बसवते आहे असं समज. हसू नकोस, पहाटेच्या तीनला माणूस असाच विचार करतो. पण माझं आयुष्य बघितलं तर ते अशाच लोकांवर चाललंय. गरज पडायच्या आधी, कुणी बघत नसताना, कुठलीतरी फिरकी सैल करून ठेवणारे लोक. माझी आई रोज रात्री माझ्या उशाशी गोळ्यांचं पाकीट ठेवायची, एक कोपरा आधीच फाडून. ती हे करायची, हे मला आज तुझं झाकण उघडल्यावर लक्षात आलं. तीस वर्षं मला वाटत होतं पाकिटं तशीच येतात.

सायकल बरी झाली. रॅकपाशी बोट टोचून पाहिलं, १०४ होती, अजून एक जेल घेतलं आणि निघाले. धावताना शेवटचा किलोमीटर चालले, लपवत नाही. माझ्या वयोगटात खालून तिसरी आले. खालच्या दोघींपैकी एकीची सायकल पंक्चर झाली होती, त्यामुळे तो क्रमांक फारसा मिरवण्यासारखा नाही. पदक सगळ्यांनाच देतात, ते आता दाराच्या कडीला अडकवलंय.

सेन्सर ९७ दाखवतोय, बाण आडवा. झोपते आता. ती रिकामी ट्यूब तू खिशात टाकलीस, अजून जॅकेटमध्येच असेल. काढून टाक, नाहीतर सगळा खिसा चिकट होईल.

तुझी,
काकू