‘एपीएस’च्या आड काय शिजते?

महोदय,

पर्यटनाचा हंगाम सुरू झाला की गोव्याच्या किनारी भागातल्या हॉटेलांत जेवून हळहळत परतलेल्यांची पत्रे येऊ लागतात. सूर एकच : ‘केवढे हे दर!’ हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत हात भाजून घेतलेल्या आम्हां काही आचाऱ्यांचे म्हणणे थोडे वेगळे आहे. दराला कारणे आहेत. आसगाव, शिवोली, मोरजीत जुनी घरे भाड्याने घेऊन हॉटेल थाटायचे तर भाडे अव्वाच्या सव्वा, आणि चांगला आचारी टिकत नाही. या धंद्याचा ढोबळ हिशेब असा की पदार्थाच्या किमतीतला साधारण तिसरा हिस्सा कच्च्या मालाचा. म्हणजे सहाशे रुपयांच्या हुमणात, नारळाच्या वाटणातल्या माशाच्या कालवणात, दोनशेचा माल हवा. तेवढ्यात नारळ, सोलां (आमसुले), तिरफळे (मिरीसारखा कोकणी मसाला) आणि ताजा बांगडा आरामात बसतो. तरी तो ताटात येत नाही, तक्रार करायची तर याची करावी.

गाडे अडते ते नारळापाशी. चार माणसांच्या बांगड्याच्या हुमणाला एका मध्यम नारळाचे खोबरे, आठ-दहा सुक्या मिरच्या, चमचाभर धणे, हळद आणि सुपारीएवढी चिंच लागते. हे सगळे गंधासारखे वाटायचे. खरबरीत राहिले की पाणी एकीकडे, चोथा एकीकडे. वाटणाला उकळी आली की मासे, दोन-तीन सोलां आणि तिरफळे सोडायची, पाच-सात मिनिटांत उतरवायचे. तिरफळ बी काढून नुसते ठेचायचे. वाटणात गेले तर कडवट होते. सुंगटांच्या (कोळंबीच्या) हुमणात त्याचे कामच नाही, तिथे आंबाडे हे आंबट फळ किंवा कैरी.

असे हुमण साठवता येत नाही. सकाळचे रात्रीपर्यंत बाहेर राहिले तर नारळ आंबतो. फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा खळाखळा उकळले तर फुटते. घरी तेच दुसऱ्या दिवशी आटवून आपण ‘कालची कडी’ म्हणून चवीने खातो, पण आठशे रुपयांच्या ताटात ती वाढण्याची हिंमत कोण करणार? म्हणून आचारी त्यात कॉर्नफ्लोअर किंवा टोमॅटो प्युरी घालून ते ‘धरून’ ठेवतो, नाहीतर मुळात हुमण करतच नाही.

त्याऐवजी चार भांडी भरलेली असतात. कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही, काजू-मगजाची पांढरी, उकडलेल्या कांद्याची पिवळी आणि चिरलेल्या कांदा-टोमॅटोचा ‘चॉप मसाला’. मखनी वेगळी धरली तर पाच. दोन-तीन दिवसांची बेगमी एकदम होते. ऑर्डर आली की पळीभर ही, पळीभर ती, वर क्रीम आणि रंग. आठ मिनिटांत बटर चिकन किंवा व्हेज कोल्हापुरी तयार. त्याच कढईत शाकुतीची विकतची भुकटी आणि नारळाच्या दुधाची पावडर पडली की ‘अस्सल गोवन शाकुती’. ही पद्धत मुळात वाईट नाही, उत्तरेकडच्या जेवणाला ती चालते. पण दीडशे पदार्थांचे कार्ड आणि आत चार शेगड्या असतील तर दुसरे काही होऊच शकत नाही, हे गिऱ्हाइकाने कार्डाची पाने मोजूनच ओळखावे.

शाकुती ओळखणे सोपे आहे. नारळ मंद आचेवर तांबूस-तपकिरी होईपर्यंत परतायला वीस-पंचवीस मिनिटे जातात. खसखस, बडीशेप, चक्रीफूल, जायफळ वेगवेगळे भाजावे लागतात. रस तपकिरी आणि जिभेला किंचित रवाळ लागतो. लालभडक, गुळगुळीत आणि गोडसर शाकुती आली तर ती लाल ग्रेव्ही समजावी. सोलकढीचेही तसेच : ताज्या नारळाच्या रसाची कढी थोडा वेळ ठेवली की वर साय धरते. तासभर जशीच्या तशी गुलाबी राहिली तर पावडर आहे.

आता मासळी. कार्डावर किमतीच्या जागी ‘एपीएस’ (‘ॲज पर साइज’) लिहिलेले असते, म्हणजे मासा जेवढा मोठा तेवढे पैसे. यात गैर काही नाही, मोठ्या माशाचा दर रोज बदलतो. गैर आहे ते वजन आत कुठेतरी होणे. ऑर्डर देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : किलोचा दर काय, वजन साफ करण्यापूर्वीचे की नंतरचे, आणि काटा टेबलाशी आणता का. सातशे ग्रॅमच्या चोणकाचे (म्हणजे जिताड्याचे) खवले, कल्ले, आतडी काढून सहाशेच्या आसपास उरते. डोके आणि काटे सोडले तर खायचे मांस निम्म्याहूनही कमी. सोललेल्या सुंगटांतही कवच-डोक्यात जवळपास अर्धे वजन जाते. गोठवलेल्या सुंगटांवर बर्फाचा थर असतो, तोही वजनातच विकला जातो. ‘फिश फिले’ किंवा ‘फिश टिक्का’ असे नाव असून जात लिहिलेली नसेल तर बहुधा बासा : पांढरा, बिनकाट्याचा, वास नसलेला, तोंडात पाणी सोडणारा. बासा खाल्ल्याने काही होत नाही. चोणकाच्या दराने तो खाल्ला तर खिशाला होते.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत फलकावर ‘आजची ताजी इसवण’ (सुरमई) वाचून हरखून जाऊ नये. ती शीतगृहातली असेल, नाहीतर दूरच्या किनाऱ्यावरून बर्फात आलेली. त्या दिवसांत खरे ताजे मिळते ते नदीतले आणि खाजनातले, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीतले : मानशीत (बांधाच्या पाणदारात) सापडलेली बारीक सुंगटां, शेवटे (बोय), कुर्ल्यो (खेकडे). पण ‘अस्सल गोव्याच्या’ कार्डांवर शेवट्याला जागा नसते. २०१८च्या जुलैत मासळीत फॉर्मेलिन हे टिकवणीचे रसायन असल्याच्या प्रकरणाने सगळा गोवा हादरला होता. बाजारात कल्ले उघडून पाहिल्याशिवाय मासा न घेणारे आपण हॉटेलात मात्र खडूने लिहिलेल्या फलकावर विश्वास ठेवतो.

शिजलेला मासाही बोलतो. ताज्याचे मांस घट्ट असते, तव्यावर तुकडा किंचित वाकतो. शिळ्याचे मांस भुगा होऊन सुटते. बांगडा खाताना जिभेला मिरीसारखी चुणचुण लागली तर तो तिथेच बाजूला सारावा. मासा उन्हात किंवा बर्फाविना राहिला की त्यात हिस्टामिन तयार होते आणि तळल्या-उकळल्याने ते जात नाही. थोड्या वेळाने तोंड लाल होणे, डोके दुखणे यामागे पुष्कळदा हेच असते, दोष मात्र मसाल्यावर जातो.

रवा फ्रायबद्दल एवढेच : दीड सेंटीमीटरच्या तुकडीला मंद-मध्यम आचेवर, थोड्या तेलात, तव्यावर, प्रत्येक बाजूला तीन-चार मिनिटे पुरतात. घाईच्या वेळी सकाळीच अर्धवट तळून ठेवलेल्या तुकड्या पुन्हा कढईत सोडतात. ओलावलेला रवा सुटतो आणि तेल पितो. त्याच तेलात गोबी मंचुरियनही तळलेले असते. तळणीच्या तेलातील ‘टोटल पोलार कंपाउंड’ (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे घटक) २५ टक्क्यांहून जास्त असू नयेत, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. ते मोजायचे यंत्र हातात मावते.

शेवटी बिल, कारण अर्धी लूट तिथेच होते. स्वतंत्र हॉटेलात जेवणावर जीएसटी ५ टक्के. १८ टक्के मुख्यतः खोल्यांचे दर साडेसात हजारांवर असलेल्या हॉटेलांच्या आवारात. कंपोझिशन योजनेतल्या (छोट्या व्यावसायिकांच्या सोप्या करयोजनेतल्या) हॉटेलला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही. दारूवर जीएसटी नाही. व्हॅट लावला असेल तर तो वेगळ्या ओळीत दिसायला हवा. समजा, जेवण दोन हजारांचे आणि दारू एक हजाराची. व्हॅट सोडला तर बरोबर हिशेब ३,१०० रुपये. पण तीन हजारांवर १० टक्के सेवाशुल्क आणि त्या सगळ्यावर ५ टक्के लावले की होतात ३,४६५. सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावानेही नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी बजावले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ते उचलून धरले. काढायला सांगावे, नाही काढले तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. बिलावर १४ आकडी अन्न परवाना क्रमांक आहे का तेही पाहावे, अन्न व औषध प्रशासनाकडे जायचे झाल्यास तोच उपयोगी पडतो. पाण्याच्या बाटलीवरून मात्र भांडू नये. छापील किमतीपेक्षा जास्त घेण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलांना डिसेंबर २०१७ मध्येच दिली आहे.

अन्न व औषध प्रशासनाने आणि वजनमाप खात्याने हंगाम सुरू होण्यापूर्वी, ऑक्टोबरातच, एकत्र फेरी मारावी. एकाने तळणीचे तेल आणि डीप फ्रीजर पाहावा, दुसऱ्याने मासळीचा काटा. आणि ‘एपीएस’ छापणाऱ्या प्रत्येक कार्डावर त्याच ओळीत माशाची जात, किलोचा दर आणि ‘ताजा’ की ‘गोठवलेला’ हे लिहिणे सक्तीचे करावे.

आपले,
हॉटेलांत काम करणारे काही आचारी, फोंडा