ऊसतोडीला निघण्याआधी मतदार यादीतलं नाव पक्कं करू या : मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातल्या आमच्या गावातल्या आणि भोवतालच्या वाड्या-तांड्यांवरच्या ऊसतोड कुटुंबांची नावं मतदार यादीत तपासायची, गळालेली पुन्हा घालायची आणि अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुला-मुलींची नोंदणी करायची, हे काम गावातल्या मतदार मदत केंद्राने हाती घेतलं आहे. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघायच्या आत ते उरकायचं आहे. त्यासाठी माणसं हवी आहेत आणि थोडे पैसेही हवे आहेत.

दसरा झाला की गाड्या लागतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी सोलापूर-पुण्याकडे, कोणी थेट बेळगावच्या फडात. परत येणं पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात. मतदार याद्यांचं वार्षिक पुनरीक्षण बहुतेक वर्षी नेमकं याच दिवसांत येतं. दिवाळीच्या मागेपुढे प्रारूप यादी, मग दावे-हरकती, जानेवारीत अंतिम यादी. बीएलओ, म्हणजे यादीसाठी घरोघरी फिरणारे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, घरी येतात तेव्हा दाराला कुलूप असतं, नाहीतर ओट्यावर म्हातारी सासू आणि दोन नातवंडं बसलेली असतात. ‘कुठं गेलेत?’ ‘कारखान्याला.’ ‘कधी येणार?’ ‘पाडव्याला.’ एवढ्यावरून कागदावर ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. कोणी नमुना 7, म्हणजे नाव वगळण्याचा अर्ज, भरून हरकत घेतली, तर सुनावणीची नोटीस घरच्या पत्त्यावर येते. ज्याच्या नावाने ती निघाली तो माणूस तेव्हा दूरच्या कुठल्या फडात मोळ्या बांधत असतो.

हा शेरा चुकीचा आहे, आणि कायदा आपल्या बाजूने आहे. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 20 स्पष्ट सांगतं की, तात्पुरतं बाहेरगावी गेल्यामुळे माणसाचं गावचं रहिवासीपण जात नाही. सहा महिने फडाजवळच्या कोपीत (झोपडीत) राहून जो पाडव्याला घरी येतो, तो याच गावचा. नाव वगळण्याआधी त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, असं कलम 22 मध्ये आहे. निर्णय पटला नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. अडचण एवढीच की हे सगळं करायला माणूस गावात लागतो.

बिहारमध्ये 2025 साली विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे मतदार यादीची घरोघरी फेरतपासणी, झालं. ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे 65 लाख नावं बाहेर राहिली. ती नावं कारणांसह जाहीर करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. बिहारसारखाच आपला भागही पोटासाठी बाहेर जाणाऱ्यांचा आहे. घरोघरची तपासणी आपल्याकडे होईल तेव्हा घरं बंद असली, तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसाठी मतदारांची नव्याने नोंदणी होत नाही. विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडून वापरतात. त्यामुळे तिथून नाव गेलं की सरपंचापासून खासदारापर्यंत सगळ्याच मतदानातून माणूस बाद होतो. आमच्याकडे प्रभागाचा निकाल पाच-दहा मतांवर लागतो. तांड्यावरची वीस नावं गळाली तर तांड्याकडे मत मागायलाही कोणी फिरकत नाही, मग पाण्याची टाकी तिकडे कोण नेणार?

‘कार्ड आहे ना माझ्याकडे’ असं बहुतेक जण म्हणतात. कार्ड असलं म्हणजे मत आहे, असं नाही. यादीत नाव असेल तर कार्ड नसतानाही आधार, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड दाखवून मत देता येतं. यादीत नाव नसेल तर नुसत्या कार्डाने काही होत नाही. 13 मे 2024 ला बीडमध्ये लोकसभेचं मतदान झालं, तेव्हा टोळ्या गावात परतलेल्या होत्या. उन्हात दोन-अडीच किलोमीटर चालत आलेल्या बाया, पदराच्या गाठीतून कार्ड काढून टेबलावर ठेवतात आणि ‘मावशी, तुमचं नाव नाही’ एवढं ऐकून माघारी फिरतात, हे आम्ही केंद्राबाहेर उभं राहून पाहिलं आहे. त्यांच्या बाजूने भांडूनही उपयोग नव्हता. त्या दिवशी नाव घालता येत नाही, हेच खरं होतं.

सगळ्यात जास्त गळती सुनांची आहे. लग्न झालं की नवरा-बायकोचा मिळून एक कोयता (मजुरांची एक जोडी) धरला जातो, मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतली जाते आणि पहिल्याच हंगामात ती पोरगी फडात उभी राहते. नाव माहेरच्या यादीत, राहणं सासरी, काम तिसऱ्याच जिल्ह्यात. माहेरी ‘लग्न होऊन गेली’ म्हणून नाव कमी होतं आणि सासरी कोणी घालत नाही. पाच-सहा हंगाम काढलेल्या, दोन लेकरांच्या आया असलेल्या बायका आमच्याकडे एकाही यादीत नाहीत. त्यांचं माहेरचं नाव अजून असेल तर नमुना 8 भरून ते सासरी आणता येतं. कमी झालं असेल, किंवा कधी घातलंच नसेल, तर नवीन नोंदणीचा नमुना 6. पत्त्याचा पुरावा स्वतःच्या नावाचा नसला तरी चालतो. त्याच पत्त्यावर मतदार असलेल्या नवऱ्याच्या नावाचा कागद पुरतो. आधारवर माहेरचं आडनाव असेल तर मात्र तिथे वेळ जातो. म्हणून या बायकांपासूनच सुरुवात करणार आहोत.

सतरा वर्षं पूर्ण झालेल्यांनीही आताच अर्ज द्यावा. आता वर्षातून चार अर्हता दिनांक, म्हणजे अठरा वर्षं पूर्ण झाली का हे पाहायच्या तारखा, आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. वय भरलं की त्या त्या तिमाहीत नाव लागतं.

मतदानच हंगामात आलं तर त्यावर आमच्याकडे उपाय नाही, हे आधीच सांगतो. विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबर 2024 ला झालं, ते टोळ्या निघायचेच दिवस. टपाली मतदानाच्या सोयीत ऊसतोड मजूर बसत नाही. बाहेरगावी राहूनच आपल्या मतदारसंघात मत देता येईल अशा, स्थलांतरितांसाठीच्या दूरस्थ मतदानयंत्राचा नमुना दाखवायला निवडणूक आयोगाने जानेवारी 2023 मध्ये पक्षांना बोलावलं होतं, तो विषय तिथेच थांबला. मतदानाच्या पगारी सुट्टीचा कायदा रोजंदारीवाल्यालाही लागू आहे, पण कोल्हापूरच्या फडातून धारूरला येऊन मत देऊन एका दिवसात परत पोचणं होत नाही. ही मागणी वर पोचवत राहूच. तोवर यादी तरी आपल्या हातात आहे.

जाण्याआधी आणखी एक काम. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला या कुटुंबांनी बसावं, अशी विनंती करत फिरणार आहोत. 26 जानेवारीच्या सभेला ही माणसं गावात नसतात. सभेची गणपूर्ती, म्हणजे सभा भरायला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांतला जो आकडा कमी असेल तो. म्हणजे तांड्यावरची माणसं आली तर तेवढ्यावरही सभा भरते. मागे राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह वेळेत सुरू व्हावं, हा ठराव त्यांच्या तोंडून आला पाहिजे.

आता मदत काय हवी ते सांगतो. मराठीत स्वच्छ अर्ज भरणारे आणि मोबाईलवरून ऑनलाइन नोंदणी येणारे तरुण-तरुणी हवेत. बायकांशी बसून बोलायला बायका हव्यात. अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या ताई आल्या तर काम निम्मं होईल. फोटो, झेरॉक्स, अर्जाची पोच ठेवायला पाकीट आणि तांड्यांवर जायचं पेट्रोल, एवढाच खर्च आहे. कोणी जुना चालू प्रिंटर किंवा कागदाचे रीम दिले तरी चालेल. पुण्या-मुंबईत असलेल्या गावकऱ्यांनी आपल्या भावकीतल्या ऊसतोड घरांची यादी करून पाठवली, तर तीही मोठी मदत होईल.

उमेदवार, इच्छुक, पक्ष, मुकादम आणि कारखाने यांच्याकडून एक रुपयाही घेणार नाही. मतदानाच्या दिवशी गाड्याही लावणार नाही. उमेदवाराच्या बाजूने मतदारांची फुकट वाहतूक करणं हा कायद्याने भ्रष्ट मार्ग आहे, आणि त्याची सावलीही या कामावर नको. कोणाला मत द्यायचं हे विचारायचं नाही, सुचवायचं नाही, ही अट येणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे.

देणगी गावातल्या वाचनालयात रोख द्यावी, पावती लगेच मिळेल. जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर दर आठवड्याला लावू. ज्यांना फिरायला यायचं आहे त्यांनी संध्याकाळी सहानंतर वाचनालयात यावं. दिवसा लोक सोयाबीनच्या काढणीला असतात, म्हणून तांड्यावर सातनंतरच जाणार आहोत. येताना बॅटरी आणि पॅड आणा.

आपले,
मतदार मदत केंद्राचे कार्यकर्ते