मुलाखत आधीच झालेली असते, मंत्रिमहोदय

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

वॉर्डची इनचार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. आता मेमो येण्याची भीती नाही, म्हणून उघडच लिहिते.

नर्सिंग शिकताना वॉर्डात काम करणारी इंटर्न मुलगी कशी आहे, हे मला टीपीआरच्या, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या चार्टवरून कळायचं. घाईतली मुलगी ताप बघते, नाडी मोजते आणि श्वासाच्या रकान्यात न मोजताच सगळ्या पेशंटच्या नावापुढे 20 लिहून मोकळी होते. (जुना स्टाफही लिहितो. आमचं झाकून कशाला ठेवू?) एक मुलगी मात्र घड्याळ धरून पूर्ण मिनिट श्वास मोजायची. एका रात्री ऑपरेशनच्या पेशंटपुढे तिने 28 लिहिलं आणि धावत माझ्याकडे आली. बीपी ठीक, ताप नाही. पण तब्येत बिघडताना पुष्कळदा आधी श्वासच वाढतो. डॉक्टर वेळेत आले, बाई वाचल्या.

पुढे भरती निघाली. मुलाखतीत तिला व्याख्या विचारल्या, ती अडखळली आणि यादीतून गेली. माझं मत कुणी विचारलं नाही. तिच्या इंटर्नशिपच्या दाखल्यावर एकच ओळ होती, ‘समाधानकारकरीत्या पूर्ण’. शेजारच्या कॉटवर बसून मोबाइल बघणारीच्या दाखल्यावरही तीच ओळ.

लेखी परीक्षा हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण पहाटे 3 वाजता मुलगी कशी वागते, पुढच्या पाळीला ओव्हर (पेशंटची माहिती) देताना काय विसरते, चुकीचा डोस गेला तर कबूल करते का, हे महिनोन्‌महिने पाहिलेल्या माणसाचं म्हणणं निवडीत शून्य धरायचं?

आता दुसरी बाजू, आणि ती जास्त टोचणारी आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची नर्सिंगची शाळा 1860 मध्ये लंडनला निघाली. तिच्या पाठोपाठ निघालेल्या शाळांच्या रुग्णालयांत कित्येक दशकं वॉर्ड शिकाऊ मुलींच्या हातांवर चालले. ती सवय अजून गेलेली नाही. ड्यूटीच्या रोस्टरवर इंटर्नचं नाव स्टाफच्या ओळीत चढतं, जागा भरल्यासारखी दिसते आणि भरती पुढे ढकलली जाते. म्हणजे जिच्या कामामुळे पद झाकलं जातं, तीच त्या पदाची वाट बघत बसते! पेशंटचंही त्यात भलं नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या रुग्णालयांवरचा 2002 चा अभ्यास प्रसिद्ध आहे: एका नर्सकडे एक पेशंट वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्यांचा 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. ते गणित पूर्ण शिकलेल्या, नोंदणीकृत नर्सचं होतं.

तेव्हा इंटर्नला रोस्टरच्या मोजणीतून बाहेर काढा. आणि भरतीच्या गुणांत वॉर्डच्या लेखी शेऱ्याला वाटा द्या. मर्जीतल्या मुलींना गुण मिळतील, ही भीती खरी आहे. उलट उत्तर दिलं म्हणून मुलीचा राग धरणाऱ्या सिस्टर मी पाहिल्यात. म्हणून शेरा निरनिराळ्या वॉर्डांच्या किमान दोघींचा असावा, घडलेल्या प्रसंगांसह असावा, आणि मुलीने वाचून त्यावर सही करावी. पटलं नाही तर तिचं म्हणणंही त्याच कागदावर राहू द्या.

भरतीच्या फॉर्मवर त्यासाठी एक रकाना वाढवावा लागेल. एवढंच मागणं आहे.

आपली,
एक निवृत्त इनचार्ज सिस्टर