थोरल्या आईचं नाव पेन्शनच्या कागदावर सापडलं, बाकीची दप्तरं कधी उघडणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या मे महिन्यात आमचं महाडकडचं गावचं घर उतरवायला घेतलं तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. वर लग्नपत्रिका, सोसायटीच्या पावत्या, देवाच्या पोथ्या आणि अगदी तळाला मेणकापडात गुंडाळलेला चार घड्यांचा एक कागद, घडीवर चिरलेला. थोडं छापील इंग्रजी, बाकी हाताने लिहिलेलं मोडी. इथे ठाण्यात मोडी वाचणारे एक सर आहेत त्यांच्याकडे घेऊन गेले, त्यांनी भिंग लावून तासभर बसून वाचला आणि म्हणाले ताई, तुमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, वारले म्हणून पणजीला पेन्शन लागली होती, तिचा हा कागद आहे.

घरात पणजीला सगळे थोरली आई म्हणायचे. तिचं खरं नाव माझ्या वडिलांनाही माहीत नव्हतं, सातबाऱ्यावर नाही, कुठल्या फोटोखाली नाही, फोटोच नाही. ते नाव आम्हाला या कागदावर पहिल्यांदा कळलं, आणि नावाखाली ओळखीची खूण लिहिलेली होती, हनुवटीवर गोंदण, उजव्या मनगटावर भाजल्याचा व्रण. हे मी फोनवर सांगितलं तर आमची शहाऐंशी वर्षांची आत्या गप्पच झाली, मग म्हणाली, हो गं, चुलीचा चटका होता तो, मला हात लावू द्यायची.

म्हणून हे पत्र. इंग्रजांच्या काळातली मृत्यूच्या चौकशीची आणि वारसांच्या पेन्शनची जी दप्तरं आपल्या सरकारी दप्तरखान्यांत पडून आहेत ती नाववार लावा, स्कॅन करा आणि लोकांना बघू द्या, एवढंच मला म्हणायचंय.

आमच्याकडे एवढंच माहीत होतं की पणजोबा बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत. त्या आघाडीवर १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, कुत-अल-अमाराला तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण जावं लागलं तेव्हा १३ हजारांच्या आसपास माणसं कैदेत गेली, त्यातली बहुतेक आपली. वाळवंटातून चालत नेताना आणि पुढे कैदेत कितीतरी मेले, आणि मागे गावात बायका वर्षानुवर्षं कुंकू लावू की पुसू अशा अवस्थेत बसलेल्या. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांवर माणसांची नोंद आहे पण आपल्या साध्या शिपायांची नावं तिथे कोरलीच नाहीत, पलटणीप्रमाणे नुसते आकडे. ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननेच २०२१ साली अहवाल काढून कबूल केलं की मेलेल्यांमध्ये भेदभाव झाला. म्हणजे दगडावर आकडा आणि मामलेदार कचेरीच्या कागदावर मात्र नाव, गाव, बायको, पोरं आणि पोरांची वयं.

हे सगळं त्यांनी मायेपोटी लिहिलं असं मी म्हणत नाही. पैसा भलत्याच्या हातात जाऊ नये म्हणून लिहिलं. बाई जिवंत आहे का, तिने पाट लावलाय का, लावला तर पेन्शन बंद, पोरगा कमावता झाला का, हे सगळं बघायचे आणि प्रत्येक वेळी कागद. अंगठ्याचं मूळसुद्धा यातच आहे, बंगालमधल्या हुगळीचा मॅजिस्ट्रेट विल्यम हर्शेल याने १८७७ मध्ये पेन्शनवाल्यांचे बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, का तर मेलेल्याच्या नावावर घरचे पैसे उचलतात म्हणून. आपण दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतो ते त्याच जातीचं काम. पण त्या संशयामुळेच थोरल्या आईचं गोंदण आज आमच्यापर्यंत आलं, गरिबाच्या घरातल्या बाईबद्दल एवढं बारीक दुसरं कोणी लिहून ठेवलं असतं?

आणि हे फक्त फौजेपुरतं नाही. १८६७ च्या गावपोलीस कायद्याप्रमाणे कोणी बुडून, साप चावून, दरड पडून मेलं की पोलीस पाटलाने पंच बोलवून मयताचा पंचनामा करायचा आणि वर पाठवायचा. मुंबई शहरात कॉरोनर, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी होता, १८७१ च्या कायद्याचा, तो तर १९९९ पर्यंत चालू होता. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला त्यानंतर गिरणीत किंवा रेल्वेत माणूस कामावर मेला तर भरपाईची रक्कम आधी कमिशनरकडे जमा व्हायची आणि वारस कोण ते तो ठरवायचा, म्हणजे तिथेही बायकोपोरांची नावं आलीच. १४ एप्रिल १९४४ ला गोदीत फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांची आठवण दरवर्षी सप्ताह करून काढतात ते योग्यच आहे, पण त्याच धक्क्यावर ओझी वाहणारे जे शेकड्याने गेले त्यांची नावं कोणाला सांगता येतील? जी काय असतील ती अशाच फायलींत असतील.

गोऱ्यांचं बघा. मुंबई इलाख्यातल्या त्यांच्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला जायच्या, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत नीट लावलेल्या आहेत, तिकडचा नातू घरबसल्या पणजोबा शोधतो. आपल्या माणसांच्या बाबतीत हे जमत नाही असं नाही. पहिल्या महायुद्धातल्या, पंजाबातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास सैनिकांची रजिस्टरं लाहोरच्या म्युझियममध्ये पडून होती, ती २०२१ पासून ऑनलाइन यायला लागली. आणि लांब कशाला, २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायच्या ठरल्या तेव्हा न्या. संदीप शिंदे समितीसाठी जिल्ह्याजिल्ह्यात दप्तरं उघडली, मोडी वाचणारे शोधून आणले, लाखो नोंदी सापडल्या आणि जिल्ह्यांच्या वेबसाइटवर टाकल्या. ठाणे जिल्ह्यातही झालं. म्हणजे माणसं आहेत, स्कॅनर आहेत, मोडीचं काम कसं करायचं ते माहीत झालंय, तेच काम मयताच्या आणि पेन्शनच्या दप्तरांवर पुढे चालू ठेवायचं. नवी मुंबईतल्या गावांतल्या लोकांना तर वेगळं सांगायलाच नको, सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटसाठी वारस दाखला काढताना एका जुन्या मयत नोंदीवाचून किती चपला झिजतात ते त्यांनी भोगलंय.

मी स्वतः एका कार्यालयात तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा म्हणाले जुनं दप्तर पुरात भिजलं, दुसऱ्यांदा म्हणाले आहे पण यादी नाही, तिसऱ्यांदा एका शिपाईदादांनी कीव येऊन खोलीचं दार उघडून दाखवलं, लाल फडक्यांत बांधलेली गाठोडी छतापर्यंत आणि खिडकीच्या खाली ओल आलेली. एका गाठोड्याच्या कोपऱ्यातून कागद बाहेर आला होता, हात लावला तर भुगा झाला. त्या दादांचा काही दोष नाही, अख्ख्या खोलीला एकटा माणूस. पण प्रत्येक पावसाळ्यात त्या भिंतीकडची एक रांग जाणार हे उघड दिसतंय. निदान ओल लागलेली गाठोडी तरी यंदाच्या जूनच्या आत मुंबईला सरकारच्या पुराभिलेख खात्याच्या ताब्यात द्यावीत आणि ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पुढाकार घेऊन एक तालुका घेऊन सुरुवात करावी. मोडी शिकलेली पोरं ठाण्यात, डोंबिवलीत आहेत, मानधन दिलं तर येतील, मी रिटायर्ड आहे, मी नुसत्या चहावर येऊन गाठोडी पुसून लावायला तयार आहे.

आमच्या कागदावर खाली एका फाइलचा नंबर आहे. पणजोबा कुठे गेले, कसे गेले, कोणी साक्ष दिली ते त्या फाइलमध्ये असणार. आत्या दर रविवारी फोन करते, पुढचं पान मिळालं का गं विचारते, आणि मी सांगते अर्ज दिलाय.

आपली,
एक वाचक, कळवा, ठाणे