बाप्तिस्म्याला काकांना बोलावलंय

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

बाबा, आधीच सांगून टाकते. बाळाच्या बाप्तिस्म्याला मी काकांना बोलावलंय आणि ते येतो म्हणालेत. आता चष्मा काढून ठेवू नका, पुढचंही वाचा.

तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला असतात आणि तुमचा शब्द मोडणं मला जमलं नसतं. आजीच्या घराचं जे झालं ते मी विसरलेले नाही. ते चूकच होतं, आणि हे मी त्यांच्या घरी जाऊन, दोघंच असताना, त्यांच्या तोंडावर बोलले. बायबलात मत्तयाच्या १८व्या अध्यायात तेच सांगितलंय ना, भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याला दाखवून दे. काका मान खाली घालून ऐकत राहिले. मग एवढंच विचारलं, "दादाचं बीपी कसं आहे?"

क्षमा करायची म्हणजे झालेलं झाकून टाकायचं, असं प्रभूने कुठे म्हटलंय? जकातदार जक्कयानेसुद्धा ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करायचं कबूल केलं. समोरचा एक शब्दही बोलला नाही तरी तुम्ही क्षमा करू शकता. समेटाला मात्र दोघं लागतात आणि वेळ लागतो. म्हणून त्या दिवशी काकांना मिठी मारा असं मी म्हणतच नाहीये. याकोब आणि एसाव, तेही दुरावलेले सख्खे भाऊच, गळ्यात पडून रडले, तरी त्याच दिवशी एसाव सेईरच्या वाटेला लागला आणि याकोब सुक्कोथला गेला. पुढे वडिलांना, इसहाकाला, मूठमाती द्यायला मात्र दोघं मिळून उभे राहिले. आजीच्या वेळी तुम्ही दोघं कबरेच्या दोन बाजूंना होतात, मधे पाळक. माती टाकतानाही एकमेकांकडे पाहिलं नाहीत. ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, बाबा.

आणि एक बोलू? प्रभूच्या प्रार्थनेत 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस' ही क्षमेची ओळ आली की तुमचा आवाज खाली जातो. लहानपणी तुमच्या कोटाला डोकं टेकून उभी असायचे मी, छातीत घुमणारा तो आवाज मला पाठ आहे, म्हणून कळतं. खोटं म्हणायचं नाही म्हणून तुम्ही थांबता. त्यासाठी मला तुमच्याबद्दल आदरच वाटतो.

तुमची सगळी सोय केली आहे. मागची खोली तुमची, तिथे पाहुण्यांचा आवाज येत नाही. दुपारची झोप कोणी मोडणार नाही. काका उपासनेला येतील, जेवतील आणि जातील, मुक्काम नाही. चर्चमध्ये तुमच्या शेजारी तुमचे जावई बसतील. घराचा विषय काढायचा नाही, हे काकांकडून कबूल करून घेतलंय.

आई, तू बाबांना समजावत बसू नकोस. त्यांना त्यांचा वेळ घेऊ दे. गोळ्या पिशवीच्या तळाशी कोंबू नकोस, पर्समध्ये ठेव, आणि गुडघ्याचा पट्टा घालूनच प्रवास कर. रात्री उगाच जागायचं नाही.

बाबा, रागावायचं तर रागवा, पण रविवारच्या आत फोन करा. तिकिटं काढायची आहेत.

तुमची,
सोनू