आमच्या विहिरीचा आकडा कुठे अडकलाय, मंत्रिमहोदय?

माननीय मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

सोमवारी आईचं वर्षश्राद्ध होतं. नऊ शिट्ट्या झाल्या तरी आमच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजली नाही. शेवटी शेजारून विकतच्या पाण्याचा कॅन आणून वरण केलं. त्या रात्रीच हे पत्र लिहायला बसलो.

आम्ही रायगडातल्या खाडीकाठचे. मागच्या मार्चमध्ये सरकारी माणसं विहिरीच्या पाण्याच्या दोन बाटल्या भरून घेऊन गेली. महिन्यात अहवाल देतो म्हणाली. तेरा महिने झाले, मी चार खेपा घातल्या. दर वेळी एकच उत्तर: फाइल वर गेली आहे.

मी रसायनशास्त्राचा पदवीधर आहे, म्हणून थोडं कळतं. समुद्राचं पाणी जमिनीत शिरलं की त्यातलं सोडियम चिकणमातीला धरून बसतं आणि मातीतलं कॅल्शियम पाण्यात उतरतं. म्हणून पाणी खारटही होतं आणि जडही, आणि जड पाण्यात डाळ शिजत नाही. शंभर हंड्यांत दोन हंडे समुद्राचे मिसळले तरी पिण्याच्या पाण्याची लिटरला 250 मिलिग्रॅम क्लोराइडची मर्यादा मोडते. वडिलांना बीपी आहे. डॉक्टर म्हणतात मीठ कमी करा, आणि इथे पाणीच खारट! त्यांनी लावलेल्या 62 पोफळींपैकी 40 टोकाकडून करपल्या आहेत. ते रोज बागेत जातात आणि न बोलता परत येतात.

किनाऱ्यालगत जमिनीत समुद्रसपाटीच्या वर मीटरभर गोडं पाणी असेल तर खाली साधारण 40 मीटर गोडं पाणी तगतं. वरचं ते मीटरभर पाणी बोअर मारून उपसायला परवानगी कोण देतं?

आणि पाणी दोन्हीकडून ये-जा करतं. लहानपणी ओहोटीला पुळणीवर गोडं पाणी पाझरायचं, पायाला गार लागायचं. त्याच वाटेनं आज खताचं आणि शोषखड्ड्यांचं नायट्रेट समुद्रात जातंय. 1996 साली अमेरिकी शास्त्रज्ञ विलार्ड मूर यांनी तिकडच्या साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर भूजलातून समुद्रात येणारं रेडियम मोजून दाखवलं की समुद्रात जाणारं भूजल तिथल्या नद्यांच्या प्रवाहाच्या सुमारे 40 टक्के आहे. आमच्या किनाऱ्यावर काय जातं, काय येतं? तुमच्याकडे जमीन एका खात्याकडे, समुद्र दुसऱ्याकडे, मधल्या पुळणीखालून वाहणारं पाणी कोण बघतं ते कळत नाही. नळ किती बसवले ते मोजता, नळातून काय येतं ते आम्हाला सांगत नाही. दर एप्रिलला टँकर मात्र वेळेवर निघतो.

किनाऱ्यावरच्या विहिरी दर महिन्याला तपासा, आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. आणि आमच्या त्या दोन बाटल्यांचा आकडा द्या. वाईट असला तरी द्या.

आपला,
खाडीकाठचा एक बागायतदार