परीक्षेच्या तोंडावरचा अभ्यास

सत्र परीक्षा जवळ आल्या की पुण्यातील अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत प्रश्नसंचांसाठी झुंबड उडते आणि एरवी वर्गाकडे न फिरकणारे विद्यार्थी रात्र रात्र जागून पाने डोळ्यांखालून घालू लागतात. पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरले जाते आणि तीच उजळणी काही दिवसांत विभागून केल्यास कमी श्रमांत अधिक लक्षात राहते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले होते. पुस्तक मिटून स्वतः उत्तर लिहून पाहणे हा साधा उपाय आहे. मात्र त्यात आपल्याला काय येत नाही हे उघडे पडते, म्हणूनच बहुधा तो टाळला जातो. महाविद्यालयांनी अंतर्गत मूल्यमापन सत्राअखेरीस एकगठ्ठा न उरकता दर पंधरवड्याला छोटी लेखी चाचणी घ्यावी आणि तपासलेल्या उत्तरपत्रिका विद्यार्थ्यांच्या हाती द्याव्यात.

– एक पालक, सदाशिव पेठ, पुणे